आधी टेलर टिकवा

कोकणात कापूस पिकत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या, कातळावर जेमतेम वीतभर माती असलेल्या या पट्टीत तो पिकणारही नाही. चौलचं रेशीम एकेकाळी नावाजलेलं होतं, भिवंडीत आजही यंत्रमाग खडखडतात, हे खरं. पण खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गात अंगावरचं कापड बहुतेक बाहेरूनच आलं. कधी गलबतातून, कधी घाट उतरून, आणि पुढं कितीतरी वर्षं मुंबईच्या चाकरमान्याच्या ट्रंकेतून. त्यामुळे ‘आपले कपडे आपण तयार करा’ असं हल्ली कुणी सांगू लागलं की आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच उरतो : आपले कपडे आपण शिवा.

असं सांगणारे वाढलेत. मोबाईलवर कटिंगचे व्हिडिओ बघून कुर्ते शिवणाऱ्या मुली कुडाळ-कणकवलीत आहेत. मुंबई सोडून गावचं घर दुरुस्त करून राहायला आलेली जोडपी आहेत, त्यांच्या पडवीत मशीन असतं आणि बाजूला हातमागाच्या कापडाच्या घड्या. फास्ट फॅशनवर, म्हणजे झटपट बनवलेल्या, स्वस्तात विकलेल्या आणि लवकर टाकून द्यायच्या कपड्यांवर त्यांचा राग आहे आणि तो मला पटतो. २४ एप्रिल २०१३ला ढाक्याजवळ सावर इथं राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशीच भिंतींना तडे गेले होते. खालची बँक आणि दुकानं बंद राहिली, पण वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र कामावर यायला लावलं, कारण ऑर्डर वेळेत निघायची होती. चिलीच्या अटाकामा वाळवंटात नको झालेल्या कपड्यांचे डोंगर झालेत, आणि घानात अक्राच्या कांतामांतो बाजारात श्रीमंत देशांनी टाकलेले कपडे गठ्ठ्यांनी उतरतात, त्यातले न खपलेले शेवटी समुद्राला मिळतात. जगात तयार होणाऱ्या धाग्यांपैकी निम्म्याहून अधिक आता पॉलिएस्टर आहे, म्हणजे खनिज तेलाचं पोर. हे सगळं कळल्यावर कुणाला मशीन घेऊन बसावंसं वाटलं तर त्यात हसण्यासारखं काही नाही.

मी स्वतः शिवते. माझे कुर्ते, घरातले पडदे, उशांचे अभ्रे, भावाच्या मुलीचे फ्रॉक. तरीही घरोघरी मशीन हा या दुखण्यावरचा इलाज आहे असं मला वाटत नाही. इलाज आमच्या नाक्यावर बसलेला आहे. त्याचं वय साठीच्या पुढं आहे, आणि त्याच्या मुलानं मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलंय.

कोकणाचं कापडाशी नातं जरा विचित्र आहे. आम्ही कापड पिकवलं नाही, गावात फारसं विणलंही नाही, पण देशाला कापड पुरवणाऱ्या मुंबईच्या गिरण्या चालवल्या त्या मोठ्या प्रमाणावर आमच्याच माणसांनी. लालबाग-परळच्या चाळीत एका खोलीत पाळ्या लावून झोपायचं, साचाखात्यात आठ तास उभं राहायचं आणि गावी मनीऑर्डर पाठवायची. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बहुतेकांना परत आत जाताच आलं नाही. गिरण्यांचं काम भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे गेलं आणि हे लोक गावाकडे आले, कुणी रिक्षा घेतली, कुणी काजूची चार कलमं लावली. आमच्या वाडीतले असे एक काका अजून आहेत. नवीन कापड दिसलं की ते दोन बोटांत धरून चोळतात, उजेडाकडे धरतात, काठावरचा एक धागा ओढून तोडतात आणि मग बोलतात. कांजी किती, मिक्स आहे की सुती, दोन धुण्यांनंतर काय होणार, सगळं त्या एका चोळण्यात. ही परीक्षा त्यांना कुणी पर्यावरणासाठी शिकवली नव्हती. तो त्यांच्या पोटाचा धंदा होता.

ती परीक्षा गेली, आणि माझ्या मते आजच्या सगळ्या गोंधळाचं मूळ तिथं आहे. कपड्याच्या दुकानात आपण आता रंग बघतो, किंमत बघतो आणि आरशात बघतो. कपडा उलटा करून कुणी बघत नाही.

तो उलटा करून बघितला तर काय दिसतं ते सांगते. मे महिन्यात भाचीनं एक कुर्ता आणला, ऑनलाइन, साडेतीनशेचा. छान छापील फुलं. पावसाळ्यापर्यंत तो तिला दंडात आणि छातीत घट्ट व्हायला लागला, म्हणून आम्ही तो सैल करायला नाक्यावरच्या टेलरकाकांकडे नेला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कुर्ता उलटा केला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. “अगो बाय, आत कायच ठेवूक नाय. सैल करू खयसून?” खरंच काही नव्हतं. टेलर बाजूच्या शिवणीत बोटभर तरी माया सोडतो, म्हणजे अंग भरलं की टीप उसवून बाहेर काढता येते. इथं ओव्हरलॉकच्या धाग्यापाशीच कापड संपलेलं. खालची दुमड पाव इंचाची, म्हणजे उंची वाढवायचाही प्रश्न मिटला. मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती जागा, खोल, सगळ्या अंगांना ढोबळ बसावा म्हणून, त्यामुळे हात वर केला की अख्खा कुर्ता वर यायचा. एका बाजूची शिवण धुतल्यावर फिरून पुढं आलेली, कारण कापताना कापडाचा उभा धागा सरळ धरलेला नव्हता. आणि बटणं एकाच धाग्याच्या साखळी टाक्यात. एक टोक हाताला लागलं की सर्रकन सगळं सुटून येणार. काकांनी तो घडी घालून परत दिला. पैसे घेतले नाहीत, घेण्यासारखं काही केलंच नव्हतं.

हा काही बनवणाऱ्याचा हलगर्जीपणा नव्हे, हा हिशेब आहे. कारखान्यात एका कुर्त्यामागे बोटभर कापड वाचलं तर लाखभर कुर्त्यांमागे किती वाचतं ते कुणीही काढू शकेल. कपडा दुरुस्त होऊ नये अशीच त्याची रचना केलेली असते, आणि मग तो टाकला जातो याचा दोष आपल्या चंचल आवडीनिवडीवर येतो.

पूर्वी उलट हिशेब असायचा. मुलीच्या परकराला खाली दोन-तीन आडव्या चुण्या घातलेल्या असत, नक्षीसारख्या दिसायच्या. दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या सुमाराला एक चूण उसवायची, परकर तेवढा लांब. एक परकर तीन वर्षं चालायचा आणि मग धाकटीकडे जायचा. धाकटीची त्यावर काय प्रतिक्रिया असायची ते वेगळं. आणि त्याही आधी आपले कितीतरी कपडे शिवायचेच नव्हते. नऊवारी, पंचा, धोतर, उपरणं. यांना माप नाही, कातरण नाही, जाडजूड झालात म्हणून कपाटात पडून राहणं नाही. साडी आजीची नातीला होते. शर्ट होत नाही.

सुती कपड्याचं मरणही सोपं होतं. लुगडं विरलं की त्याचं दुपटं व्हायचं, दुपटी-धोतरं एकात एक घालून धावदोऱ्यानं गोधडी व्हायची, गोधडीतून निघालेलं फडकं चुलीवरचं मसोतं व्हायचं, आणि अगदी शेवटी जमीन सारवायचं पोतेरं. ते मातीत गेलं तर मातीच व्हायचं. शहरातल्या घरांसाठी बोहारीण होती, जुन्या साड्या घेऊन स्टीलची पातेली देणारी, घासाघीस करणारी. पॉलिएस्टरचा टी-शर्ट यातल्या कुठल्याच पायरीला उभा राहत नाही. त्याचं मसोतं केलंत तर गरम टोपाला चिकटेल. त्याचं पायपुसणं पाणी टिपत नाही, नुसतं पुढं ढकलतं. गोधडीत घातला तर पावसाळ्यात त्याला असा काही वास येतो की पांघरणाऱ्याला झोप लागू नये. मग तो जातो परसात, आगीत, आणि काळ्या चिकट धुरासकट वितळून नारळाच्या बुंध्याशी त्याचा गोळा राहतो. किंवा व्हाळात, म्हणजे ओढ्यात. पहिल्या मोठ्या पावसानंतर आमच्या किनाऱ्यावर लागणाऱ्या कचऱ्यात प्लॅस्टिकच्या बाटल्या सगळ्यांना दिसतात. वाळूत निम्म्या गाडलेल्या लेगिंग्ज आणि बनियनी ओढून काढायला गेलं की कळतं त्या किती आहेत ते. धुताना निघणारा बारीक तंतू तर दिसतही नाही. गावात सांडपाण्याची प्रक्रिया वगैरे काही नसते, मोरीतलं पाणी व्हाळाला, व्हाळाचं खाडीला. ते तंतू माशांच्या पोटात सापडतात हे जगभरच्या अभ्यासांनी दाखवलंय. बांगड्याला त्यातून वगळलं जाईल असं मानायला काही कारण नाही.

जुने कपडे दान करण्यानंही हे सुटत नाही. पूर आला की मदतीच्या ट्रकांतून कपड्यांचे गठ्ठे येतात आणि वाटणारे स्वयंसेवक हात जोडतात : तांदूळ द्या, चटया द्या, कपडे नकोत. पुरात सगळं गमावलेल्या बाईलाही दुसऱ्याची उसवलेली जीन्स नको असते.

तर मग शिवा ना, असं म्हणणाऱ्यांना मी जिथं थांबवते ती जागा आता येते.

पहिली गोष्ट म्हणजे घरी शिवणारी ‘आपण’ म्हणजे कोण? माझ्या माहितीतल्या सगळ्या घरांत ती बाई आहे. घरच्यांचं शिवण, उसवण, बटणं, काज, चुकून फाटलेला खिसा हे सगळं जेव्हा घरी व्हायचं तेव्हा ते दुपारच्या झोपेच्या वेळात व्हायचं, आणि त्याची मजुरी कुठं लिहिली जायची नाही. लग्नात मुलीला मशीन द्यायचे ते कौतुकानं, पण त्यात सासरच्या कामाची एक भर आहे हेही सगळ्यांना ठाऊक असायचं. नवरा गेल्यावर ‘मशीन चालवून पोरं शिकवली’ हे वाक्य कोकणातल्या प्रत्येक गावात कुणा ना कुणाबद्दल बोललं जातं, आणि ते आदरानंच बोललं जातं, पण त्या बाईला विचारा पाठीचं काय झालं आणि डोळ्यांचं काय झालं. रेडीमेड आलं तेव्हा या बायकांनी सुटकेचा श्वास टाकला असेल तर मी तरी त्यांना नावं ठेवणार नाही. घरशिवणाची हौस आणि घरशिवणाची सक्ती यांत फरक आहे, आणि हौस असणाऱ्यांनी सक्ती भोगलेल्यांना उपदेश करू नये.

दुसरी गोष्ट स्वस्त कपड्यांची. त्यांच्या विरोधात लिहिताना हात जरा जपून चालवावा लागतो. नवीन कपडा गणपतीला किंवा दिवाळीला, वर्षातून एकदा, तोही सगळ्या भावंडांना एकाच ताग्यातून, हे दिवस फार जुने नाहीत. कुणाच्या घरातली माणसं नेहमी फाटक्यात असत आणि कुणाच्या नसत, हे कपड्यांवरून लांबून ओळखू यायचं. आज ते तितकं सहज ओळखू येत नाही. दोनशे रुपयांच्या टी-शर्टानं हे केलंय आणि ते काही वाईट केलेलं नाही. काजूच्या कारखान्यात रोजावर जाणारी मुलगी आठवडाबाजारातून भडक गुलाबी टॉप घेते तेव्हा तिला ढाक्याच्या कामगारांची आठवण करून देणं मला जमणार नाही. तिच्यात आणि त्या कामगार बाईत पगाराच्या दृष्टीनं फार अंतर आहे असंही नाही. महिन्याला मॉलमध्ये जाऊन पिशवी भरून आणणाऱ्या आणि लेबल न काढताच कपाटात ठेवणाऱ्या माणसाला मात्र ती आठवण द्यावी. तो माणूस आता रत्नागिरीतही राहतो.

आणि तिसरी. घरी शिवलं म्हणजे कमी घेतलं, असं होत नाही. शिवणाची हौस लागलेल्या माणसाच्या कपाटात कापडाचा साठा बघावा. ‘कधीतरी होईल’ म्हणून घेतलेले कटपीस, लेसांची रिळं. यात भर ओटीच्या ब्लाऊजपीसची. हळदीकुंकू, बारसं, डोहाळजेवण, गौरी : प्रत्येक ठिकाणी ओटीत ब्लाऊजपीस, बहुतेक पॉलिएस्टरचे, पन्ना अपुरा, शिवायला कुणी घेत नाही. ते एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरत राहतात. माझ्याकडे आलेला एक तुकडा मीच दिलेला होता, काठावरच्या शाईच्या डागावरून ओळखला. कापड विकलं गेलं, भेट दिलं गेलं, पुन्हा भेट दिलं गेलं आणि एकदाही कपडा झालं नाही. घरच्या घरी फास्ट फॅशन म्हणावी तर ही. ओटीला नारळ, तांदूळ आणि फूल पुरे आहे, खण घालायचाच तर तो शिवण्याजोगा सुती असावा. एवढं ठरवायला मशीन लागत नाही.

गांधीजींची यंत्रांबद्दलची मतं सगळ्यांना माहीत असतात, पण १९२४ साली त्यांनी एक अपवाद केला होता, तो शिवणयंत्राचा. माणसानं शोधलेल्या मोजक्या उपयोगी वस्तूंपैकी ही एक, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि सिंगरनं ते यंत्र बायकोचे कष्ट बघवेनात म्हणून बनवलं ही गोष्टही त्यांनी सांगितली. गंमत अशी की त्यांच्या चळवळीचं चिन्ह झाला तो चरखा, आणि घराघरांत टिकलं ते शिवणयंत्र. आमच्या कणकवलीत आप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८मध्ये गोपुरी आश्रम उभा केला. भंगीकाम, मेलेल्या गुरांचं कातडं सोडवणं, शरीरश्रमाची लाज घालवणं यासाठी त्या माणसानं आयुष्य वेचलं. ‘कोकणचे गांधी’ हे नाव त्यांना लोकांनी दिलं. त्यांच्याबद्दल आदर सगळ्यांना आहे. पण आपलं सगळं आपण करावं ही मागणी जेव्हा प्रत्येक माणसाकडे केली जाते तेव्हा तिला आदर मिळतो आणि अनुयायी मिळत नाहीत, हे आम्ही कोकणात जवळून बघितलंय. सूत कातण्याचं जे झालं ते कुर्ते शिवण्याचं होणार नाही असं समजायला मला काही आधार दिसत नाही.

टेलरचं तसं नाही. टेलर ही एका गावाला एक पुरणारी गोष्ट आहे. विहिरीसारखी. प्रत्येकानं खणायची गरज नाही, पण असली पाहिजे.

तो का जातोय हेही उघड आहे. शर्टाला पावणेदोन मीटर कापड, बरं सुती घ्यायचं तर मीटरला दोन-अडीचशे. शिलाई आमच्याकडे तीन-चारशे. म्हणजे सात-आठशेचा शर्ट, शिवाय दोन खेपा आणि ‘गणपतीच्या आधी देतो’ या शब्दावर विश्वास. (गणपतीच्या आधी कुणालाही मिळत नाही. त्याबद्दल टेलर लोकांनी स्वतःशी थोडा विचार करायला हरकत नाही. गिऱ्हाईक काही नुसतं स्वस्ताईमुळे गेलेलं नाही.) शेजारच्या दुकानात चारशेत शर्ट टांगलेला आहे, आत्ता घाला, आत्ता न्या. यात टेलर जिंकणार कसा?

पण एका ठिकाणी तो जिंकतोय, आणि तिकडे कुणी नीट बघत नाही. ब्लाऊज. जेन्ट्स टेलरची दुकानं एकामागून एक बंद होत असताना, वाडीवाडीवर घरातल्या एका खोलीत बसून ब्लाऊज शिवणाऱ्या बायका टिकून आहेत. पिको-फॉलही त्याच करतात. कारण ब्लाऊज ढोबळ मापात बसत नाही. खांदा, गळा, मुंढा, छाती, कटोरी, प्रत्येक अंगाचं वेगळं, आणि नवऱ्याच्या सैल शर्टासारखं तिथं ‘चालतंय’ म्हणता येत नाही. हरतालिकेच्या आठवड्यात या बायकांच्या दारात पिशव्यांची रांग लागते. ताणल्या जाणाऱ्या कापडाचे रेडीमेड ब्लाऊज आता बाजारात आलेत खरे, पण ज्यांनी मापाचा घातलाय त्या त्यावर फार दिवस राहत नाहीत. म्हणजे अंगाला नीट बसणं काय असतं हे ज्यांना ठाऊक आहे, ते त्यासाठी पैसे देतात आणि वाटही बघतात. पुरुषांना आणि मुलांना ते आता ठाऊकच नाही. ‘एल’ आणि ‘एक्सएल’ यांच्यामध्ये आपलं अंग कुठंतरी आहे एवढंच त्यांना माहीत.

म्हणून शिवण शिकवावं असं मी म्हणते ते या कारणासाठी. सगळ्यांनी कपडे शिवावेत म्हणून नव्हे. कपडा उलटा करून बघता यावा, बटण लावता यावं, उसवलेली टीप घालता यावी, आणि टेलरला काय हवंय ते नेमकं सांगता यावं म्हणून. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला शिवण असायचं, पण ते मुलींना. मुलगे तेव्हा बाग खणत किंवा सरळ खेळत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितलेत, त्या दिवसांत स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम बघावं, करून बघावं अशी कल्पना आहे. त्यातले दोन दिवस टेलरच्या दुकानात काढायला काय हरकत आहे? मुलगे आणि मुली दोघांनीही. प्रत्येकानं घरून एक फाटका कपडा आणायचा आणि तो दुरुस्त करून न्यायचा. कार्डबोर्डची घरं करण्यापेक्षा हे बरं. घरी त्या घरांवर झुरळं होतात.

सरकार मशीन वाटतं. १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक धंद्यांत शिंपीकामही आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत, पाच टक्के व्याजानं कर्ज. आमच्याकडे या योजनेची ओळख ‘मशीन मिळतं ती’ अशी आहे. मशीन मिळालेल्या काही घरांत आज त्याच्यावर टीव्ही ठेवलेला दिसतो. यात त्या बायकांची चूक नाही. गिऱ्हाईक नसेल तर मशीनचं टेबलच होणार. आधीच दोन ब्लाऊजवाल्या असलेल्या वाडीत आणखी चार मशीन दिली की सगळ्यांचीच शिलाई पडते. गावाला कमी पडतंय ते मशीन नाही. कमी पडतंय ते काम, वर्षभर येणारं, ठरलेल्या भावाचं.

आणि असं एक काम सरकारच्या हातात आधीपासून आहे. शाळेचा गणवेश. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांना समग्र शिक्षा अभियानातून वर्षाला दोन गणवेश मिळतात, त्यासाठी मुलामागे सहाशे रुपये, म्हणजे एका गणवेशाला तीनशे. २०२४-२५मध्ये राज्यानं ‘एक राज्य, एक गणवेश’ काढला. कापड वरून येणार आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडे. गणवेश उशिरा पोचले, पोचले ते कुणाला तोकडे तर कुणाला घळघळीत, आणि त्या डिसेंबरात निर्णय फिरवून अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले गेले. यातून बऱ्याच जणांनी निष्कर्ष काढला की बायकांच्या गटांना शिवता येत नाही. निष्कर्ष चुकीचा आहे. मूल न बघता, माप न घेता शिवलेला कपडा अंगाला बसत नाही, मग तो बचत गटानं शिवो की जपानी यंत्रानं. इयत्तेवरून माप धरायचं म्हटलं की आमच्या चौथीतल्या एकाच बाकावरची दोन मुलं बघावीत.

समित्यांकडे अधिकार आले म्हणून टेलरकडे काम आलं असं मात्र नाही. तीनशे रुपयांत कापड आणि शिलाई दोन्ही बसवायचं म्हटल्यावर समिती तालुक्याच्या दुकानात जाऊन रेडीमेडचा गठ्ठाच उचलणार, दुसरं काय करणार? तिला पर्याय हवा असेल तर शिलाईची रक्कम कापडापासून वेगळी काढा आणि ती गावात खर्च करायची अट घाला. रक्कम वाढवावी लागेल, हे उघड बोललं पाहिजे. आज जे स्वस्तात बसतंय ते मुलाच्या अंगावर दिवाळीपर्यंत टिकत नाही. पँटीच्या शिवणीला दीड इंच माया आणि खाली तीन इंच दुमड, एवढं कंत्राटात लिहिलं तर तोच गणवेश पुढच्या वर्षीही चालेल आणि दुसऱ्या वर्षीचे पैसे निम्म्यानं वाचतील. मापं मार्चमध्ये, वार्षिक परीक्षेच्या आधी घ्यायची. एप्रिल-मे हे टेलरचे तसे लग्नाचे दिवस असतात हे मला ठाऊक आहे, पण लग्नाची शिलाई आता मुख्यतः बायकांच्या ब्लाऊजची राहिलीय, नाक्यावरचे जेन्ट्स टेलर उन्हाळाभर पंख्याखाली वर्तमानपत्र वाचत असतात. दोन-तीन वाड्यांच्या शाळा मिळून एका टेलरला आणि दोन शिवणाऱ्या बायकांना पुरेल एवढं काम सहज निघतं.

हे मी आमच्या टेलरकाकांसमोर मांडलं. त्यांनी कात्री खाली ठेवून ऐकून घेतलं. काम त्यांना हवंय, मुलांच्या मापाचा त्यांना कंटाळा नाही, मदतीला कुणी शिकाऊ मुलगा दिला तर शिकवायलाही ते तयार आहेत. त्यांनी एकच विचारलं : बिल कधी मिळणार? शाळेचं काम त्यांनी मागं एकदा केलं होतं आणि पैसे पुढच्या वर्षीच्या गणपतीनंतर हातात आले होते, तेही तीन खेपा मारून. तोपर्यंत कापडवाल्याची उधारी त्यांनी स्वतःच्या खिशातून भागवली. शिलाईची निम्मी रक्कम माप घेतानाच हातात ठेवायची तरतूद निघाली तर ते करतील. नाही तर नाही म्हणतील, आणि मी काही त्यांना आग्रह करायला जाणार नाही.